डोळे उघडलेत पण ओळख नाही, अशा पेशंटला रिहॅब देऊन उपयोग होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. धाकटा भाऊ, वय २९, बाइकचा अपघात होऊन चार महिने झाले. डोक्याचं ऑपरेशन झालं, कवटीचा उजवीकडचा तुकडा काढून ठेवलाय, गळ्याला ट्रॅकी आहे, म्हणजे श्वासासाठी भोक पाडून घातलेली नळी, आणि नाकात खाण्याची नळी. डोळे उघडतो, झोपतो, जागा होतो, पण ओळखत नाही आणि सांगितलेलं काही करत नाही. न्यूरोसर्जन म्हणाले व्हेजिटेटिव्ह स्टेट आहे, घरी न्या, सेवा करा. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं तीन महिन्यांचं कोमा स्टिम्युलेशनचं पॅकेज घ्या, उठून बसेल. आई म्हणते तो माझ्याकडे बघतो. मग डॉक्टरांचं नेमकं मत काय असतं आणि ऐकायचं कुणाचं?

मी रिहॅबची डॉक्टर, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, बावीस वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे जरा लांब उत्तर देते, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, डॉक्टरांचं एकच मत असं काही नसतंच हो. न्यूरोसर्जनच्या डोक्यात प्रश्न असतो की मी अजून काही कापून काढू शकतो का, प्रेशर उतरवू शकतो का, आणि उत्तर नाही आलं की त्याच्यापुरतं काम संपतं, मग तो म्हणतो घरी न्या. तो खोटं बोलत नाहीये, फक्त त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतोय. आयसीयूवाल्याला बेड रिकामा करायचा असतो कारण बाहेर दुसरा अपघात येऊन पडलाय. फिजिओ रोज तासभर पेशंटच्या अंगाला हात लावतो म्हणून त्याला बारीकसारीक बदल दिसतात आणि कधीकधी नसलेलेही दिसतात. आम्ही रिहॅबवाले या सगळ्यांच्या मधे कुठेतरी, आणि आमच्यातसुद्धा एकमत नाही. माझे एक सिनियर सर म्हणायचे की या पेशंटवर फिजिओचे तास घालवू नका, पॅरालिसिसवाल्यांना द्या, त्यांना फायदा दिसतो. तेव्हा मला ते निर्दयी वाटायचं. आज वाटतं ते अर्धं बरोबर होते, तास मोजके असतात हे खरंच आहे, पण कुणाला द्यायचे हे ठरवताना आधी निदान बरोबर आहे का ते बघायला नको का?

सगळा गुंता तिथेच आहे.

व्हेजिटेटिव्ह स्टेट हे नाव १९७२ साली जेनेट आणि प्लम या दोन डॉक्टरांनी दिलं. अर्थ असा की मेंदूचा खालचा देठ चालू आहे, श्वास, ठोके, झोपणं, उठणं हे सगळं तो सांभाळतो, म्हणून डोळे उघडतात. पण वरचा मेंदू, जो 'हा माझा भाऊ' असं ओळखतो, त्याचा काही मागमूस लागत नाही. कोमात डोळे मिटलेले असतात आणि कोमा सहसा दोन ते चार आठवड्यांच्या पुढे जात नाही, त्यानंतर एकतर माणूस जातो, नाहीतर शुद्धीवर यायला लागतो, नाहीतर या अवस्थेत येतो. म्हणजे 'चार महिने कोमात आहे' असं आपण सगळे म्हणतो पण ते कोमात नसतात. व्हेजिटेटिव्ह म्हणजे भाजीपाला असा अर्थ निघतो म्हणून २०१० पासून युरोपातले डॉक्टर दुसरं नाव वापरतात ज्याचा अर्थ साधारण 'जागा आहे पण प्रतिसाद नाही' असा होतो. मला ते नाव जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात आपण फक्त बाहेरून काय दिसतं तेवढंच सांगतो, आत काय चाललंय त्याचा दावा करत नाही.

या अवस्थेच्या वरची एक पायरी आहे, मिनिमली कॉन्शस स्टेट, २००२ मध्ये तिची व्याख्या ठरली. यात माणूस थोडाथोडा, मधूनमधून, आज आहे उद्या नाही अशा पद्धतीने जाणीव दाखवतो. नजरेने एखादी वस्तू फॉलो करतो, कधी सांगितलं की बोट हलवतो. बाहेरून ही दोन्ही माणसं सारखीच दिसतात, पलंगावर पडलेली. पण दुसऱ्याचं भविष्य पहिल्यापेक्षा पुष्कळ बरं असतं, औषधं आणि थेरपी त्याला जास्त लागू पडतात, आणि दुखलेलंही त्याला कळत असतं. आता चूक किती होते ते ऐका. २००९ मध्ये बेल्जियममधल्या टीमने एक अभ्यास छापला, डॉक्टरांच्या टीमने एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवलेले ४४ पेशंट घेतले आणि नीट ठरलेल्या स्केलने तपासले, तर त्यातले १८ जण मिनिमली कॉन्शस निघाले. ४१ टक्के. ती मोठ्या सेंटरची टीम होती, आपल्याकडे ओपीडीत दोन मिनिटांत टॉर्च मारून आणि छातीवर चिमटा काढून ठरवतात तिथे काय होत असेल याचा विचार करा.

ते स्केल म्हणजे कोमा रिकव्हरी स्केल रिव्हाइज्ड, आम्ही सीआरएस-आर म्हणतो. सहा भाग, २३ मार्कं. ऐकणं, बघणं, हालचाल, तोंड आणि आवाज, संवाद, आणि जागेपणा. करायला अर्धा तास तरी लागतो. आणि एकदा करून भागत नाही, कारण ही माणसं दिवसातून चढतात उतरतात, दोन आठवड्यांत किमान पाच वेळा केलं तर चूक बरीच कमी होते असं नंतरच्या कामातून दिसलंय. तुमच्या भावाचं हे स्केल किती वेळा झालं ते विचारा. एकदाही झालं नसेल तर 'व्हेजिटेटिव्ह' हा शब्द अजून पक्का धरू नका, आणि तो 'नाही' असंही धरू नका.

आता आईचं 'बघतो'. मी माझी एक फजिती सांगते. खूप वर्षांपूर्वी एक मुलगा होता, तुमच्या भावाएवढाच, त्याची आई रोज राउंडला सांगायची डॉक्टर तो बघतो माझ्याकडे, आणि मी रोज तिला प्रेमाने समजवायचे की काकू ते रिफ्लेक्स आहे. बोट फिरवलं, पेन फिरवलं, टॉर्च फिरवला, काही नाही. मग एका वर्कशॉपमध्ये कळलं की नजर फॉलो करते का हे बघायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे आरसा. स्वतःचा चेहरा. ज्या पेशंटची नजर डॉक्टरच्या चेहऱ्यामागे जात नाही त्यातल्या काहींची नजर आरशामागे जाते, यावर बेल्जियममध्येच अभ्यास झालेला आहे. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरकडून तिच्या पर्समधला तळहाताएवढा आरसा घेतला, त्याच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरला आणि हळू उजवीकडे नेला. नजर गेली. डावीकडे नेला, गेली. वर नेला, नाही गेली. परत उजवीकडे, गेली. काकू पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत, मलाच त्यांच्याकडे बघवेना. पहिल्या दिवसापासून त्या खरं सांगत होत्या आणि मी टॉर्च फिरवत बसले होते.

पण उलटंही होतं आणि ते जास्त वेळा होतं, हे पण लिहिलं पाहिजे. हात दिला की घट्ट पकडतो, हे जवळजवळ प्रत्येक घरचे सांगतात. ती पकड तान्ह्या बाळाचीही असते, तळहाताला काही लागलं की मूठ वळते, त्याला जाणीव लागत नाही. खरी खूण म्हणजे 'सोड' म्हटल्यावर सोडणं. डोळ्यांतून पाणी येणं, जांभई, दात खाणं, कण्हणं, अचानक हसल्यासारखा चेहरा होणं, हे सगळं खालच्या देठातूनही होतं. आईला हे सांगताना वाईट वाटतं पण सांगावं लागतं. फरक ओळखायची साधी रीत आहे, गोष्ट वारंवार घडते का आणि तुम्ही केलेल्या गोष्टीला धरून घडते का. आईचा आवाज आला की डोळे वळतात, परक्या बाईचा आला की वळत नाहीत, असं दहापैकी सात वेळा झालं तर मी कान टवकारेन. दिवसातून एकदा कधीतरी झालं तर नाही.

तपासताना लोक ज्या चुका करतात त्यात भाषा ही आपल्याकडची मोठी चूक आहे आणि ती परदेशी पुस्तकात सापडणार नाही. शहरातल्या हॉस्पिटलात केरळची सिस्टर आणि हिंदी बोलणारा रेसिडेंट, आणि पेशंट साक्रीकडचा, त्याच्या घरी अहिराणी. 'आंखें बंद करो' म्हणून चार वेळा ओरडून लिहून टाकलं कमांड फॉलो करत नाही. मी अशा एकाला त्याच्या मामीकडून सांगायला लावलं होतं, अहिराणीत, आणि सावकाश, एकदा सांगून दहा सेकंद गप्प बसून. दहा सेकंद फार लांब वाटतात हो पलंगाशेजारी, आपण तिसऱ्या सेकंदाला परत ओरडतो आणि त्याचं चाललेलं काम मोडतो. आणि जो अवयव हलूच शकत नाही तो हलव म्हणायचं नाही, हात आखडून छातीला चिकटलाय आणि आपण 'हात वर कर' म्हणतोय, त्याला काय अर्थ आहे. ऐकू येतं का हेही आधी बघा, कवटीच्या खालच्या भागाला फ्रॅक्चर असेल तर कान गेलेले असू शकतात, बेरा नावाची टेस्ट करतात.

आणखी एक गोष्ट, तपासायच्या आधी तो खरंच जागा असू शकतो अशी सोय आहे का? हे मी सगळ्यात आधी बघते आणि खरं सांगायचं तर माझ्या हातून जे 'चमत्कार' झालेत त्यातले बहुतेक इथलेच आहेत, थेरपीतले नाहीत. फाइल उघडायची आणि औषधं वाचायची. फिट येऊ नये म्हणून दोन-तीन गोळ्या, त्यातली एक झोप आणणारी, रात्री तळमळतो म्हणून क्लोनॅझेपाम, उलटी नको म्हणून मेटोक्लोप्रामाइड, हे सगळं आयसीयूत सुरू झालेलं आणि डिस्चार्ज कार्डवर तसंच उतरवलेलं, कुणी बंद करायचं बघितलंच नाही. सुस्त मेंदूला आपण आणखी सुस्त करतो आणि मग म्हणतो प्रतिसाद नाही. स्वतः बंद करू नका बरं का, फिट आली तर होतं नव्हतं ते जाईल, पण यादी घेऊन डॉक्टरला विचारा की यातलं आता काय काय लागतंय. मग लघवीचं इन्फेक्शन, थायरॉइड, सोडियम. बाहेरून न दिसणाऱ्या फिट्स, त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची पट्टी. आणि डोक्यात पाणी साठणं, हायड्रोकेफॅलस. अपघातानंतर दोन-तीन महिन्यांनी ते हळूहळू साठतं, पेशंट जिथे होता तिथून मागे जायला लागतो, आणि घरचे म्हणतात आधी थोडं बघायचा आता तेही नाही. हे ऐकलं की मी त्याच दिवशी सीटी सांगते. शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, टाकला की काही जण परत वर येतात.

तुमच्या भावाची कवटी अजून उघडी आहे, हे वाचून मी थांबले. तो तुकडा कुठे ठेवलाय ते डिस्चार्ज कार्डवर बघा, आपल्याकडे बऱ्याचदा पोटाच्या कातडीखाली ठेवतात, घरच्यांना पोटावरचा टाका कशाचा तेही माहीत नसतं. डोक्याचा तो भाग आत खोल गेलाय का, खड्डा पडलाय का, की बाहेर फुगलाय? खोल गेला असेल तर वातावरणाचा दाब सरळ मेंदूवर पडतो, आणि तुकडा परत बसवल्यावर काही पेशंट स्पष्ट सुधारतात. फुगला असेल तर पाण्याचा विचार करायचा. चार महिन्यांत तुकडा परत बसवायला हरकत नसते, इन्फेक्शन नसेल तर. म्हणजे 'घरी न्या' म्हणणाऱ्या न्यूरोसर्जनकडेच परत जायचंय, पण प्रश्न नेमका घेऊन.

आता चान्स किती. लोकांना आकडा हवा असतो, देते. १९९४ मध्ये अमेरिकेत अनेक संघटनांनी मिळून जुन्या केसेस गोळा केल्या, त्यात डोक्याला मार लागून एक महिन्यानंतरही व्हेजिटेटिव्ह असलेल्या मोठ्या माणसांपैकी वर्षभरात ५२ टक्के शुद्धीवर आले. हार्ट बंद पडून, गळफास, बुडणं यामुळे मेंदूला ऑक्सिजन न मिळालेल्यांत आणि इतर बिनमाराच्या कारणांत हाच आकडा १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून कारण काय हे सगळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडे कुणी वडिलांचा कार्डिअॅक अरेस्ट होऊन सहा महिने झालेत म्हणून येतं तेव्हा मी वेगळं बोलते आणि तुमच्याशी वेगळं. शुद्धीवर येणं म्हणजे बाइक चालवणं नव्हे हेही त्या ५२ मध्ये धरा, त्यातले बरेच जण कायम दुसऱ्यावर अवलंबून राहिले.

त्याच लोकांनी तेव्हा ठरवलं होतं की मार लागलेल्यात १२ महिने आणि इतरांत ३ महिने उलटले की 'पर्मनंट' म्हणायचं. २०१८ मध्ये अमेरिकन न्यूरॉलॉजीच्या संघटनेने गाइडलाइन बदलली आणि 'पर्मनंट' काढून 'क्रॉनिक' म्हणा असं सांगितलं, कारण उशिरा सुधारणारे थोडे का होईना पण असतात. आणि पहिल्या २८ दिवसांत घरच्यांना 'याचं काही होणार नाही' असं सरसकट सांगू नका असंही लिहिलं. आपल्याकडे सातव्या दिवशी सांगतात. अमेरिकेतल्याच रिहॅब सेंटरांच्या एका मोठ्या नोंदीत, रिहॅबला आले तेव्हा काहीच कमांड न पाळणारे ३९६ अपघाताचे पेशंट होते, त्यातले ६८ टक्के अॅडमिट असतानाच कमांड पाळायला लागले. हे वाचून कुणी पॅकेज विकेल, म्हणून सांगते, तिथे निवडून घेतलेले पेशंट होते, ज्यांच्यात थोडी धुगधुगी दिसली तेच रिहॅबला पोचले. आणि ते रिहॅबमुळे सुधारले की वेळ गेला म्हणून, हे त्यातून कळत नाही.

मग थेरपीचा पुरावा कशाला आहे? खरं उत्तर, फार थोड्याला. अमँटाडिन हे औषध, मूळ फ्लूचं आणि पार्किन्सन्सचं, २०१२ मध्ये १८४ पेशंटवर नीट चाचणी झाली, अपघाताला ४ ते १६ आठवडे झालेले लोक, चार आठवडे गोळी दिली तर सुधारणेचा वेग वाढला. बंद केल्यावर वेग परत मंदावला. म्हणजे गाडीला धक्का मिळतो, इंजिन नवीन येत नाही. तुमचा भाऊ त्या १६ आठवड्यांच्या काठावर आहे म्हणून या आठवड्यात विचारा, पण फिट येते का आणि किडनी कशी आहे ते बघूनच देतात. झोपेची गोळी झोल्पिडेम, जी द्यायची उलटी कल्पना दक्षिण आफ्रिकेतून आली, तिने काही जण खरंच जागे होतात, पण तपासलं तर शंभरात पाचेक. डोक्याला सौम्य करंट देणं, मनगटाच्या नसेला करंट देणं, हे चालू आहे, मिनिमली कॉन्शसवाल्यांत थोडं आशादायक आहे, व्हेजिटेटिव्हवाल्यांत फारसं नाही.

आणि 'कोमा स्टिम्युलेशन', अत्तर हुंगवणं, लिंबू चोखवणं, घंटी वाजवणं, ब्रश फिरवणं, याचा पुरावा कच्चा आहे. मी पूर्ण फेकून देत नाही, घरच्यांच्या आवाजात ओळखीचे प्रसंग ऐकवणं यावर एक छोटी चाचणी झालीय आणि ती बरी होती. पण ते घरी फोनवर रेकॉर्ड करून फुकट होतं हो. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, मधे शांतता. भावाने पहिली बाइक घेतली तो दिवस, चाळीतली क्रिकेटची मॅच, असं काहीतरी. दिवसभर भक्तिगीतं लावून ठेवणं म्हणजे स्टिम्युलेशन नाही, तो गोंगाट आहे, दोन तासांनी आपल्यालाही ऐकू येईनासं होतं. 'उठून बसेल' अशी गॅरंटी जो देतो त्याच्याकडे जाऊ नका, एवढं सरळ सांगते. स्टेम सेलवाल्यांकडे तर अजिबातच नाही, आयसीएमआर, म्हणजे आपली सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या नियमाप्रमाणे मान्यता असलेल्या ट्रायलबाहेर, पैसे घेऊन, अशा आजारासाठी ते देताच येत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर १९ वर्षांनी कोमातून उठलेल्या अमेरिकन माणसाची बातमी फिरते ती खरी आहे, टेरी वॉलिस, १९८४ चा अपघात आणि २००३ मध्ये बोलला, पण तो आधीच मिनिमली कॉन्शस होता, हे फॉरवर्डमध्ये नसतं.

मग रिहॅब करायचं तरी काय आणि कशाला? तर शरीर तयार ठेवायला. मेंदू उद्या परत आला आणि घोटे आखडून बॅले डान्सरसारखे खाली गेलेत, गुडघे पोटाशी, माकडहाडावर मूठ जाईल एवढी जखम, तर तो परत येऊन करणार काय? मी असे पाहिलेत, डोक्याने बरे आणि अंगाने अडकलेले, त्यांना बघून जास्त त्रास होतो. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, एअर मॅट्रेस असली तरी बदलणं, सांधे रोज पूर्ण फिरवणं, घोट्याला स्प्लिंट, हातात रुमालाची गुंडाळी. टिल्ट टेबलवर बांधून उभं करणं, त्याने हाडं, फुप्फुसं आणि जागेपणा तिन्हीला मदत होते, झोपून तपासलेला आणि बसवून तपासलेला पेशंट कधीकधी दोन वेगळी माणसं वाटतात. आखडलेपणाला बॅक्लोफेन आहे पण तेही झोप आणतं, म्हणून एकाच स्नायूचा प्रश्न असेल तर मी बोटॉक्सचं इंजेक्शन बघते. अचानक घाम, ताप, धडधड आणि अंग ताठ, असे झटके येत असतील तर ते दर वेळी इन्फेक्शन नसतं, मेंदूच्या इजेनेही होतं, हे डॉक्टरला विचारा, नाहीतर अँटिबायोटिकचा मारा चालू राहतो.

नाकातली नळी चार महिने ठेवण्यापेक्षा पोटातून पेग, म्हणजे सरळ जठरात जाणारी नळी, टाकून घ्या. फीड देताना आणि नंतर तासभर डोकं तीस-चाळीस अंश वर, हे ब्युरोतून सेवेला आलेल्या माणसासाठी लिहून भिंतीवर चिकटवा. तोंडाने काही नाही, गिळणं तपासल्याशिवाय एक थेंब नाही. आमच्याकडे एक आजोबा निमोनियाने परत आले, विचारून विचारून कळलं की एकादशीला तीर्थ घातलं होतं, दोनच चमचे. ओठांना लावा, घालू नका.

आणि सेवा म्हणजे काय ते बघायचं तर मुंबईतलं केईएम आहे. अरुणा शानबाग, तिथलीच नर्स, २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं पलंगावर. तिला अन्न देणं थांबवून मरू द्यावं अशी याचिका सुप्रीम कोर्टात आली होती, त्यावर २०११ साली कोर्टाने डॉ. दिवाटिया, डॉ. गुरसहानी आणि डॉ. शहा या तिघांची समिती नेमली, त्यांनी तपासून सांगितलं की व्हेजिटेटिव्ह स्टेटचे बहुतेक निकष लागू होतात. आणि इतकी वर्षं पडून असलेल्या बाईच्या अंगावर बेडसोअर नव्हता. पिढ्यान् पिढ्या नर्सेसनी केलं ते, आणि त्या जगू द्या म्हणत होत्या. कोर्टाने ती याचिका फेटाळली पण उपचार थांबवण्याची वाट कायद्यात तिथूनच उघडली, पुढे २०१८ चा निकाल आला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, आता हॉस्पिटलचं एक आणि बाहेरचा तज्ज्ञ असलेलं दुसरं अशी दोन मेडिकल बोर्डं लागतात. अरुणाताई १८ मे २०१५ ला निमोनियाने गेल्या. मी हे तुम्हाला आज निर्णय घ्या म्हणून सांगत नाहीये, चार महिने आणि मार लागलेला मेंदू, ही ती वेळ नाही. पण वर्षभराने कुणी घरात हा विषय काढला तर त्याला कसाई म्हणू नका, एवढ्यासाठी सांगितलं. केईएमसारख्या शिफ्ट तुमच्या आईकडे नाहीत.

रिहॅबला मी स्वतः मुदत घालून देते. सहा ते आठ आठवडे, आधी काय मोजायचं ते लिहून. ट्रॅकी निघते का, खुर्चीत दोन तास बसतो का, सीआरएस-आर किती होता आणि किती झाला. काही हललं तर आणखी आठ आठवडे. नाही हललं तर घरचं रूटीन चालू, आणि दर तीन महिन्यांनी परत तपासणी, वर्ष पूर्ण होईपर्यंत नक्की. यामुळे घरातल्यांची जमीन विकली जात नाही आणि 'काहीच केलं नाही' असंही राहत नाही. स्कॅनने आतली जाणीव बघता येते का, असंही बरेच जण विचारतात. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुणीला स्कॅनरमध्ये 'टेनिस खेळतेयस असं समज' म्हटल्यावर मेंदूचा बरोबर तोच भाग पेटला होता, आणि २०२४ च्या मोठ्या अभ्यासात बाहेरून प्रतिसाद नसलेल्या २४१ पैकी ६० जणांत अशी छुपी जाणीव सापडली. आपल्याकडे हे रोजच्या वापरात नाही, त्यामुळे त्याच्यामागे धावू नका. पण याचा एक साधा परिणाम मी वॉर्डात पाळते, पेशंटच्या पायाशी उभं राहून 'याचं काही खरं नाही' असं कुणालाही बोलू देत नाही.

जाता जाता पैशाचं. भावाच्या नावावरचं खातं, विम्याचा क्लेम, अपघाताची केस, हे सगळं त्याच्या सहीवाचून अडेल. अशा पेशंटसाठी मुंबई हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली अर्ज करून घरच्यांपैकी एकाला पालक नेमून घेता येतं, वकील शोधा आणि लवकर करा. आणि आईला रात्रीची ड्यूटी देऊ नका.

आता उद्यापासून. सकाळी ट्रॅकीतला कफ सक्शनने काढून, फीडनंतर तासाभराने, टेकवून बसवा, टीव्ही बंद, खोलीत दोनच माणसं. आई आरसा धरेल, तुम्ही फोन धरा. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, प्रत्येकी दोन वेळा, सावकाश. मधे तिने नाव घेऊन हाक मारायची आणि गप्प बसायचं. दहा सेकंदाची कापलेली क्लिप नको, त्यात सगळेच बघतात. सलग पाच मिनिटांचा व्हिडिओ, चेहरा आणि आरसा दोन्ही दिसतील असा, आठ दिवस, तारीख-वेळ टाकून. न बघितलेले दिवसही ठेवा. ते घेऊन न्यूरोसर्जनकडे कवटीचं विचारायला जाल तेव्हा दाखवा, आणि इथेही लिहा काय दिसलं ते.